फाइलवरची तारीख

चौकसपणा माझ्या अंगात उपजतच आहे. त्यामुळे इन्स्पेक्टरांनी जिन्यात गाठून, "बाई, पंच म्हणून येता का? फक्त सही करायचीय," असं विचारलं, तेव्हा मी भाजीची पिशवी कठड्यालाच अडकवली आणि निघाले.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एका बाईंचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, प्रबंध, क्लासच्या नोट्स त्या टाइप करून देत. तक्रार अशी होती, की सोमवारी झालेल्या परीक्षेचा गणिताचा पेपर रविवारीच त्यांच्या कॉम्प्युटरवर होता. तक्रारदार त्यांचंच एक गिऱ्हाईक, क्लास चालवणारे गृहस्थ. ते दाराशी घड्याळ बघत उभे होते.

"अहो, छापील पेपर यांनीच काल आणून दिला," बाई म्हणाल्या. "टाइप करून ठेवा म्हणाले, आणि आज तुम्हाला घेऊन आले. फाइलवर तारीख असते, ती बघा ना! बुधवारचीच निघेल."

फाइल तर समोर दिसतच होती. ती कधीची, एवढाच प्रश्न होता.

इन्स्पेक्टर माउस असा धरत होते, की जणू तो चावेल. आमच्या ऑफिसात नुकतंच कॉम्प्युटरचं ट्रेनिंग झालेलं, म्हणून मी पुढे सरसावले. खरं सांगायचं तर फुटलेला पेपर दिसतो तरी कसा, हे मला बघायचं होतं. उघडला, तर साधाच पेपर, पहिला प्रश्न दहा मार्कांचा. खालीवर करताना कुठेतरी बोट लागलं असावं. बंद करताना मशिनने विचारलं, बदल सेव्ह करायचे का? काम झालं की सेव्ह करायचं, हे सरांनी महिनाभर घोकून घेतलं होतं. मी ऐटीत 'यस' दाबलं.

"हं, आता तारीख सांगा," इन्स्पेक्टर पेन काढून म्हणाले.

तारीख गुरुवारची होती. म्हणजे आजची, आणि वेळ दोन मिनिटांपूर्वीची. मी काय करून बसले ते बाईंना माझ्याआधी कळलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

दोन वर्षांनी कोर्टात वकिलांनी विचारलं, "फाइल सेव्ह कोणी केली?"

"मी."

"त्याआधीची तारीख?"

"बघितली नाही."

नंतर एका तज्ज्ञांनी सांगितलं, की त्या प्रोग्रॅममध्ये जुनी फाइल पुसून तिथे नवी लिहिली जाते, त्यामुळे आधीची तारीख उरत नाही. मी तेही कान टवकारून ऐकत होते आणि त्याचंच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई संशयाचा फायदा मिळून सुटल्या. मी पेढे घेऊन खाली गेले.

"सुटलात, बरं झालं हो."

"सुटले," पेढा तसाच हातात धरून त्या म्हणाल्या. "निर्दोष आहे असं मात्र कोणी म्हणालं नाही. काल एक पालक आले होते. हळूच विचारत होते, यंदाचा पेपर कधी मिळेल."