मामानं आणलेलं कारचं ऑइल

गॅरेजात नव्या ऑइलचा डबा फोडला, की त्या वासासरशी मला बोरीतल्या आमच्या वस्तीचा दगडगोट्यांचा चढ आठवतो. मामा पुण्यात साहेबाची कार चालवायचा. एका दसऱ्याला त्यानं कारचंच महागडं ऑइल आणलं आणि हार घालायच्या आधी स्वतःच्या हातानं दादाच्या मोटारसायकलीत ओतलं. ‘‘लई भारी हाय, पळंल बघ गाडी!’’ आठवड्याभरात बेल्ह्याच्या बाजारातून आणलेली आमची पहिलारू गाय विताना अडली. दादा गुरांच्या डॉक्टरांना मागं बसवून निघाला, पण चढावर इंजिन नुसतं ओरडत राहिलं, गाडी काही हलेना. डॉक्टर पायी वर पोचले, तोवर गाय गेली होती. मेकॅनिक म्हणाला, ‘‘भाऊ, हिच्या क्लचप्लेटा इंजिनच्याच ऑइलात बुडालेल्या असत्यात. कारच्या ऑइलानं त्या घसरणारच.’’ घरी आई एवढंच म्हणाली, ‘‘मायेनं आणलं व्हतं त्यानं. त्याला कुणी बोलायचं न्हाई.’’ पुढच्या दसऱ्याला मामानं तसाच डबा आणला आणि दादानं तो हसून घेतला. आता मामा नाही. डबा मात्र गोठ्यातल्या फळीवर अजून न फोडलेला आहे. तो टाकायला कुणाचा हात धजत नाही, आणि त्याच्याखाली पुन्हा गाय बांधायलाही.