पाहुण्यांची खुर्ची

हिरामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पनवेलच्या बाजारात वालाच्या शेंगा निवडत होते. तिचे यजमान तुकारामकाका एवढंच म्हणाले, "बाय, ती गेली. झोपंतच." शेंगा तशाच टाकून मी रिक्षा केली. त्याला आता दीड महिना झाला. रडून झालं आहे. हल्ली तिची आठवण आली की आधी हसूच येतं, आणि तिलाही तेच आवडलं असतं.

कामोठे गावातल्या एका चाळीत आमच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या. मी शिकवण्या घ्यायचे, ती सेक्टरांतल्या घरांत धुणीभांडी करायची. मावशी आणि काका दोघं मूळची आपटा गावाकडची, स्वतःची जमीन अशी कधी नव्हतीच. काका बांधकामावरून पडले, कंबर कायमची गेली आणि घर एकट्या मावशीवर आलं. भाडं आणि औषधं भागली की धान्यापुरतं उरत नसे. मी संध्याकाळी डोकावले की म्हणायची, "मी कामावंच जेवली." काकांचं ताट मात्र भरलेलं असायचं. आपट्याला दिराच्या रेशनकार्डात तुमची नावं आहेत, ती कमी करून इथे नवं कार्ड काढा, म्हणून मी तिच्या किती मागे लागले! "सरकारच्या दारात हात पसरू?" हे तिचं ठरलेलं उत्तर. शेवटी एकदा काकाच म्हणाले, "हिरा, तू उपाशी निजतेस ते मला कलत नाय असा वाटतं का तुला?" दुसऱ्या दिवशी ती मुकाट्याने माझ्याबरोबर तहसील कचेरीत आली...

अर्ज दिला. चौकशीला माणूस घरी येईल, असं तिथे सांगितलं. चौकशीचं मावशीला काही वाटलं नाही. कुणी साहेब आपल्या घरी येणार, याचंच तिने मनावर घेतलं. त्या दिवशी मी सकाळची शिकवणी आटोपून आले, तर माझ्या खोलीतली गादीची खुर्ची गायब, टेबलफॅनही गायब. माझी किल्ली तिच्याकडेच असायची. शेजारी डोकावले आणि कपाळाला हात लावला. अख्खी चाळ मावशीच्या खोलीत येऊन बसली होती! समोरच्या रिक्षावाल्याचा टीव्ही, कुणाचा मिक्सर, कुणाचे फुलाफुलांचे पडदे. मधोमध माझ्या खुर्चीत साहेब, पुढ्यात काचेच्या बशीत कांदेपोहे. मांडीवरच्या कागदावर ते एकेक लिहीत होते... टीव्ही, मिक्सर, पंखा. मिळायच्या आधीच कार्ड हातचं जाणार, हे दिसत होतं.

मी तिला दारापाशी ओढलं. "मावशी, अगं, तुमची गरिबी बघायला आलेत ते!"

ती माझ्यावरच डाफरली. "मंग? पयल्यांदा आलेल्या पावन्याला पोत्यावं बसवू?"

एवढ्यात साहेब घाम पुसत म्हणाले, "मावशी, जरा पंखा लावता का?" मावशी लगबगीने वायर घेऊन भिंतीकडे वळली आणि तशीच उभी राहिली. त्या खोलीत प्लगच नव्हता. एक दिवा आणि त्याचं बटण, बस्स. पंखा मिरवायला आणला होता, तो लावायचा कुठे हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. साहेबांनी टीव्हीची लोंबती वायर पाहिली, मिक्सरची पाहिली आणि लिहायचे थांबले.

"साहेब, यो सगला चालीतल्यांचा हाय," मावशी म्हणाली. "खुर्ची हिची. पोहे तेवढे माझे."

"तांदूळ कुठे ठेवता?"

तिने डबा पुढे केला. तळाशी थोडी कणी होती. साहेब म्हणाले, "एवढं सगळं उसनं आणलंत, मग तांदूळ का नाही आणलात?"

"खुर्ची पावन्यासाठी मागितली, साहेब. आपल्या पोटासाठी मागाला जीब उचलत नाय."

साहेबांनी लिहिलेलं खोडलं, खाली नव्याने लिहिलं, पोहे शेवटच्या दाण्यापर्यंत संपवले आणि निघताना म्हणाले, "मावशी, पुन्हा कुणी सरकारी माणूस आला तर नुसतं पाणी द्या हं." मावशीला ते काही पटलं नाही.

कार्ड मिळालं. पहिला तांदूळ घरी आला त्या दिवशी मावशी माझ्यासमोर पोटभर जेवली, आणि मला इतकं बरं वाटलं की मी उगाचच तिच्याशी भांडले. तेव्हापासून तिची एक सवय झाली. भाताला तांदूळ काढले की वर एक मूठ जास्त घालायची. "कोनी आला तं?" म्हणायची. बहुतेकदा कुणी येत नसे आणि सकाळी दोघं फोडणीचा भात खात. पुढे मी पनवेलला राहायला गेले तेव्हा ती खुर्ची तिलाच देऊन टाकली. ती स्वतः कधी त्या खुर्चीत बसली नाही. मलाही बसू दिलं नाही. "ती पावन्यांची. तू बस खाली, माझ्याजवल."

परवा काकांना भेटायला गेले. भिंतीला धरून ते उठले आणि खुर्ची माझ्यापुढे सरकवली. या घरात मला पहिल्यांदाच कुणी खुर्ची दिली होती. मी ती परत भिंतीशी लावली आणि खाली, चुलीजवळच्या आमच्या जागी बसले. काकांनी एकदा खुर्चीकडे पाहिलं. मग त्यांनी डबा ओढला, स्वतःपुरते तांदूळ पातेल्यात घातले, आणि माझ्याकडे न बघताच वर अजून एक मूठ टाकली.