खेळाच्या तासाला वाचन

ही गोष्ट खरं तर मी कुणाला सांगणार नव्हतो. पण चहा तुम्ही मागवलाय, वर भजीही मागवलीत, तेव्हा माझी फजिती ऐकायचा हक्क तुम्हाला आहेच. एवढंच करा, आमच्या शाळेतलं कुणी भेटलं तर हा विषय काढू नका. तिथं तो सगळ्यांना पाठ आहे.

मी वालूरकडच्या एका माध्यमिक शाळेत खेळाचा शिक्षक. माझी ओळख म्हणजे माझा आवाज. मैदानावरून मी "पळ" म्हणालो की वर्गात बसलेली पोरं दचकून उभी राहतात. पलीकडच्या शेतातली औतं थांबतात असंही लोक सांगतात, पण लोकांना वाढवून सांगायची सवयच असते.

आमच्या मुख्याध्यापिका वाघमारे मॅडम. त्यांच्या लक्षात आलं, की आमची मुलं धडे घडाघडा वाचतात, पण काय वाचलं ते विचारलं की आढ्याकडे बघतात. विज्ञानात उत्तर येत असतं, प्रश्नच कळत नाही. गणितात तीच रड. मॅडमनी बैठक बोलावली. म्हणाल्या, "वाचायला शिकवणं हे एकट्या मराठीच्या बाईंचं काम नाही. आठवड्यातून एकदा प्रत्येकानं आपापल्या विषयाचं काहीतरी मुलांना वाचायला द्यायचं. त्यांनी वाचायचं, आपसात बोलायचं, शंका विचारायच्या."

मी निवांत होतो. खेळाला कुठलं आलंय पुस्तक?

"शिंदे सर, तुम्ही काय देणार वाचायला?"

"मॅडम, आमचं पुस्तक म्हणजे मैदान."

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या उठल्या, कपाट उघडलं, कबड्डीच्या नियमांचं पुस्तक काढलं, वरची धूळ झटकली आणि माझ्या हातात दिलं.

आता खोटं कशाला बोलू? ते पुस्तक मी कॉलेजात परीक्षेपुरतं चाळलं होतं. त्यानंतर गरजच काय पडली? पट्टीचा पोहणारा कधी पोहण्याचं पुस्तक घेऊन विहिरीवर जातो का?

त्या वर्षी आमच्या मुलींचा कबड्डीचा संघ लय भारी होता. आमच्या शाळेच्या मुली कबड्डीत जिल्ह्याला कधीच गेल्या नव्हत्या. सेलूला तालुक्याच्या स्पर्धा जिंकल्या की परभणी. कर्णधार रमा दहावीत, म्हणजे तिची ही शेवटची संधी. तिला परभणीला जायचं होतं, आणि तिच्यापेक्षा जास्त मला.

तर वाचनाच्या तासाला मी ते पुस्तक मुलींच्या हवाली केलं आणि फक्कीनं मैदानाच्या रेषा मारायला लागलो. पोरी लिंबाखाली गोल करून बसल्या. एक वाचायची, दुसरी मध्येच अडवायची, तिसरी मातीत रेघा ओढून दाखवायची. भांडणंसुद्धा झाली. मला बरं वाटलं. मॅडमही खूश, आपण मोकळे.

थोड्या वेळानं रमा आली.

"सर, एक शंका हाय. चढाई चालू असताना आपल्याच माणसानं बाहेरून काई सांगितलं, तर काय होतं?"

"काय होणार? फायदा होतो."

पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या.

"सर, पुस्तकात बघता का जरा?"

"मला पुस्तक दाखवायलीस व्हय गं? वाचनाचा तास तुमचा हाय. तुमी वाचा."

रमा परत जाऊन बसली. मग बराच वेळ त्यांची कुजबुज चालली होती. मी त्याचा अर्थ असा लावला, की सरांच्या अनुभवापुढं पोरी गार झाल्या.

सेलूला गेलो. पहिला सामना सुरू झाला आणि मी बाकावरून उठून घसा साफ करतोय, तोच राखीव खेळाडू सुनीता धावत आली. "सर, आपला जीपवाला निघून जायलाय म्हणं."

मी पळत बाहेर. जीपवाला सीटवर पाय पसरून घोरत होता. परत येतो तर मध्यंतर झालेलं, आणि आम्ही पुढे. पुन्हा बसतोय तर सुनीता हजर. "सर, लिंबं आणायची राहिली." लिंबं आणली. "सर, साखर?" साखर आणली. तोवर सामना संपलेला, आम्ही जिंकलेलो.

दुसऱ्या सामन्याला गुडघ्याची पट्टी निघाली. मेडिकल चांगलं लांब होतं. घामाघूम होऊन परतलो, तर तोही सामना खिशात. मनात म्हटलं, पोरी किती विसंबून आहेत माझ्यावर! माझ्याशिवाय यांचं पान हलत नाही. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या.

मग फायनल. आजवरचे पंच आमच्याच ओळखीतले, माझ्या ओरडण्याला सरावलेले. हे पंच परभणीहून आलेले, शिडशिडीत, कमी बोलणारे. सुनीता आलीच. "सर, वाघमारे मॅडमचा फोन आलाय म्हणं."

"मॅडमला सांग, सर मैदानावर हायेत." आणि मी बाकावर घट्ट बसलो. सुनीतानं रमाकडं बघितलं. रमानं डोकं हलवलं.

खूप आवरलं मी स्वतःला. अगदी शेवटपर्यंत आवरलं. आम्ही एका गुणानं पुढे, शेवटची चढाई आमची, आणि रमा गेली चढाईला. तिला नुसतं सांभाळून परत यायचं होतं. पण डाव्या कोपऱ्यातली मुलगी मला एकटी सापडलेली दिसली आणि मी बाकावर उभा राहिलो.

"रमे, डावीकडं! डावीकडं बघ, एकटी हाय ती! हात लाव!"

शिट्टी वाजली. पंचांनी समोरच्या संघाला एक गुण दिला. सामना बरोबरीत, आणि वेळ संपली.

मी तरातरा पंचांपुढं. "हे काय चालवलंय? गुण कशाचा?"

"सर, चढाई चालू असताना बाहेरून सूचना देता येत नाही."

"कुठं लिहिलंय? रमे, आण गं आपलं पुस्तक. वाचूनच दाखवतो यांना."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रमानं पिशवीतून पुस्तक काढलं, शोधाशोध न करता पान उघडलं आणि हळूच म्हणाली, "सर, तुमीच वाचा."

मी वाचायला लागलो, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा. चढाई करणाऱ्याला त्याच्याच बाजूच्या कुणी सूचना केली तर... इथं माझा आवाज जरा उतरला. तर समोरच्या संघाला... इथं तो फक्त पंचांना ऐकू गेला. पुढचं मला एकट्यालाच ऐकू आलं.

बरोबरी सोडवायला आता दोन्ही संघांना पाच-पाच चढाया होत्या. मी मान खाली घालून उभा. रमा जवळ आली. "सर, जीपमदी बसता का थोडा वेळ?"

बसलो. काचा वर केल्या. जीपवाला म्हणाला, "काय झालं सर?" मी म्हटलं, "काही नाही, ऊन लागलं." खरं सांगतो, पोरींनी इथवर आणलेलं मी एका ओरडण्यात घालवलं होतं. मांडवातून कल्ला ऐकू यायचा, पण कुणाचा ते कळत नव्हतं. स्वतःच्या संघाचा सामना असा काचेआडून ऐकायची वेळ कुणावर येऊ नये.

मग धाडकन दार उघडलं आणि सगळा संघ माझ्या अंगावर येऊन पडला. जिंकलो होतो! मी नव्हतो, म्हणून जिंकलो होतो.

परतीच्या वाटेवर मी रमाला विचारलं, "पोरींनो, मला सरळ का नाही सांगितलं? कशाला ती लिंबं न् पट्ट्या?"

रमानं जरा आढेवेढे घेतले. मग म्हणाली, "सर, मॅडमनी सांगितलंय. जो वाचनात कच्चा हाय, त्याला चारचौघांत बोलायचं न्हाई. त्याचा मान ठेवून, हळूहळू घ्यायचं."

जीपवाला खोकला.

"बरं मग," मी म्हटलं, "आण ते पुस्तक. परभणीच्या आधी वाचून काढतो."

रमानं पहिलं पान उघडून पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. मी चष्मा लावला, घसा साफ केला, तेवढ्यात मागून सुनीता म्हणाली, "सर, मनातल्या मनात."