दाजींच्या पोटावरच्या रेघा

नागपूरहून कोल्हापूरला निघताना दोन कामं होती: दाजींना आठवडाभर दवाखान्यात नेणं-आणणं आणि कण-त्वरक बघणं. दुसरं मी कुणाला बोललो नव्हतो. तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, फळ्यावर त्वरक काढले, पण प्रत्यक्षात एकही पाहिला नव्हता. दाजींच्या प्रोस्टेटच्या कर्करोगावर उपचार चालू होते ते नेमके त्याच यंत्राने.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, कसबा बावड्यातले जुने वस्ताद (तालमीतले गुरू). स्टेशनवरून त्यांनी मला थेट मिसळीला नेलं. कट (आमच्याकडची तर्री) बघूनच मी कपाळ पुसलं.

"पावणं, अजून खाल्ली न्हाय की!" दाजी गरजले. स्वतः मात्र डॉक्टरांच्या धाकाने ताक पीत माझ्या वाटीकडे बघत राहिले.

मी मास्तर आहे म्हटल्यावर दवाखान्यातल्या भौतिकतज्ज्ञ मॅडमनी यंत्र दाखवलं. आतल्या निर्वात नळीत इलेक्ट्रॉन सोडतात. स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हसारख्याच, पण कितीतरी जोरदार लहरी त्यांना मागून रेटतात. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने ते धातूच्या तुकड्यावर आदळले की क्ष-किरण निघतात आणि ते गाठीवर सोडतात. इंजेक्शनच्या सुया निर्जंतुक करायला आणि कारखान्यातले ओतीव भाग तपासायलाही त्वरक लागतात म्हणे.

"म्हंजे आमचाच डाव. रेटत न्यायचं आन् आदळायचं!" दाजी म्हणाले.

"व्हय, पण नेमक्या जागी," मॅडमही कोल्हापूरच्याच. "त्यासाठी तुमच्या पोटावर ह्या रेघा मारल्यात. पुसायच्या न्हाईत हां, वस्ताद."

रविवारी उपचारांना सुट्टी. तालमीतले चार पैलवान तेलाची बाटली घेऊन हजर झाले. "वस्तादांच्या अंगात ताकद ऱ्हायला पायजे," म्हणत त्यांनी दाजींना चटईवर आडवं केलं. मी भडंग खात बघत होतो. एवढंच नव्हे, "कमरेला पण लावा," असा सल्लाही दिला.

सोमवारी दाजींनी सदरा वर केला. पोट चकचकीत, रेघ एकही नाही.

"सर, तुम्ही घरीच होता न्हवं?" मॅडमनी मला विचारलं. मी मालिशचं सगळं सांगून टाकलं. मॅडम म्हणाल्या, जागा चुकली तर गाठ राहील आणि शेजारचं मूत्राशय भाजेल; स्कॅन पुन्हा करून, जुळलं तरच आज किरण सोडणार. मी खरोखरच घाबरलो. अक्काने माझ्या भरवशावर नवरा सोपवला होता. मांड्या थोपटणारे ते चार पैलवानही सोबत आले होते, बाकावर माना खाली घालून बसले होते.

दुपारी स्कॅन जुळला. मॅडमनी या वेळी सरळ तीन ठिपके गोंदले. "आता घासा किती घासायचं त्ये!" मग जाड दार बंद झालं. आत दाजी एकटेच.

शनिवारी दाजी मला स्टेशनवर सोडायला आले. मी माफी मागितली.

"रेघा जानार, ह्ये मला पैल्या हातालाच कळालं हुतं," ते म्हणाले.

"मग थांबवलं का नाही?"

"पोरं भ्यालीत, पावणं. मालिश कसली? वस्ताद अजून हाय का, हात लावून बघत हुती."

गाडी सुटली. त्वरकाबद्दल घरी बरंच सांगायचं होतं, पण मिरज येईपर्यंत एकच वाटत राहिलं: त्या रविवारी मीही दाजींच्या पाठीवर एकदा हात ठेवायला हवा होता.