बघू नको

सई सकाळपासून दारामागच्या कोपऱ्यात पाय आवळून उभी राहत होती. दोन वर्षांची पोर, पण चेहरा लाल होईपर्यंत शी धरून ठेवत होती. "पॉटीवर बसतेस का?" असं मी विचारलं, की जोरजोरात नकारार्थी मान हलवायची.

परवापर्यंत असं नव्हतं. पॉटीवर झालं, की "बाबा, बघ!" म्हणून मला हाक मारायची आणि मी टाळ्या वाजवायचो. काल घरी पाहुणे आले होते. तिनं त्यांनाही तितक्याच हौसेनं बोलावलं. त्यांतल्या एक काकू नाकाला पदर लावून म्हणाल्या, "ई, घाण! कुणाला दाखवतात का असं?" सगळे हसले. सईही हसली, पण जरा उशिरा.

आज दुपारी ती पडद्यामागे गेली. खाली तिची इवली पावलं टाचा उचलून थरथरत होती. मी जवळ गेलो, तर आतून आवाज आला, "बघू नको."

पहिला दात, पहिलं पाऊल आपण चारचौघांत मिरवतो. पहिली लाज कधी वाटली, हे मात्र कुणालाच आठवत नाही. ती कधीतरी यायचीच, हे मलाही कळतं. पण ती अशी, दुसऱ्यांच्या हसण्यातून यावी?

मी पाठ फिरवून थांबलो. मग तिला बाथरूममध्ये नेऊन धुऊ लागलो. "झालं हं बाळा," म्हणालो. तिनं आपला ओला तळवा माझ्या डोळ्यांवर ठेवला आणि धुऊन होईपर्यंत काढला नाही.