डावा पाव

आमच्या गोव्याच्या यात्रेची जी कथा भिलाईत सांगितली जाते, ती खोटी आहे. मी वेदीवर पाव ठेवला नाही. फादरांनी त्यावर पवित्र पाणी शिंपडले नाही. ही भर आमच्या केरळी क्रेन ऑपरेटरची असून त्या वेळी तो चर्चच्या आवारातही नव्हता. बाहेर शहाळे पीत उभा होता. खरे घडले ते मी सांगतो. ते याहून कमी लाजिरवाणे आहे, असा मात्र माझा दावा नाही.

गोवा नुकताच भारतात आला होता आणि इकडे भिलाईत आमच्या पोलाद कारखान्याच्या नव्या भट्ट्या उभ्या राहत होत्या. यात्रेत बहुतेक मल्याळी आणि तमिळ मंडळी. नागपूरकडचे मराठी ख्रिस्ती आम्ही दोघेच, मी आणि माझी पत्नी. "गोव्यात माझीच भाषा चालते," असे मी दुर्ग स्टेशनवरच जाहीर केले आणि सर्वांचा दुभाषा झालो. पत्नीला भाषेशी कर्तव्य नव्हते. भिलाईजवळच्या मरोद्यातल्या आमच्या क्वार्टरच्या पायरीवरून पडल्यापासून तिच्या डाव्या घोट्याची सूज उतरत नव्हती. दुखरा अवयव बरा व्हावा म्हणून त्याची मेणाची प्रतिकृती चर्चमध्ये वाहतात, तसा तिला गोव्यात मेणाचा पाय वाहायचा होता. तेवढ्यासाठी ती लंगडत आली होती.

तिला चर्चच्या रांगेत उभी करून मी पाय आणायला निघालो. आता, भिलाईत राहणाऱ्या मराठी माणसाला एक खोड जडते: समोर दुकानदार दिसला की त्याची जीभ आपोआप हिंदीत वळते. मेणबत्त्या विकणाऱ्या बाईला मी रुबाबात विचारले, "पाँव मिलेगा?"

तिने रस्त्यापलीकडे बोट दाखवले.

पलीकडे एक काळोखी खोली, आत पेटलेली भट्टी. मला शंका आली नाही. भट्टीशिवाय मेण वितळणार कसे?

"पाँव," मी म्हणालो.

"कितले?" आतल्या माणसाने विचारले.

"एकच. डावा."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग उजव्या टोपलीवरचा हात डाव्या टोपलीकडे नेला आणि कागदात गुंडाळून वस्तू माझ्या हाती दिली. पुडी गरम होती. मी रोज ओतकाम पाहणारा माणूस. माल ताजा ओतलेला आहे, याचे मला समाधानच वाटले.

पुडी पत्नीने उघडली, आणि तीही दाराबाहेर, रांगेतच.

"अवो, मी पाय सांगतला होता. तुमी नाश्ता आनला!"

"डावाच हाये तो," मी म्हणालो. हे वाक्य मी का उच्चारले, याचे स्पष्टीकरण आजही माझ्यापाशी नाही.

"धरा मंग आता!"

पाव माझ्या हाती कोंबून ती त्याच मेणबत्तीवाल्या बाईकडे लंगडत गेली, लुगड्याचा काठ जरा उचलून सुजलेला घोटा तिला दाखवला, आणि एक शब्दही न बोलता मेणाचा पाय घेऊन परतली. परतीच्या प्रवासात फलाटावरची सारी खरेदी मंडळींनी तिच्यावर सोपवली.

पावसाळ्यापूर्वी सूज उतरली. मेणाच्या पायामुळे, असे पत्नी म्हणते. पावामुळे, असे क्रेन ऑपरेटर सांगत फिरतो. हेही धादांत खोटे आहे. तो पाव मी रांगेत उभ्या उभ्या सबंध खाल्ला होता. तिच्या वाट्याला त्यातला तुकडाही आला नव्हता.