लाइट असताना सुरू होणारं घर

लाइट गेली, पंखा थांबला की मला आमचं भिवंडीचं विकलेलं घर आठवतं. भिंतीला लागूनच पॉवरलूमचा कारखाना होता, म्हणून एजंट गिऱ्हाइकं नेमकी लोडशेडिंगच्या वेळेत आणायचा आणि आईला बजावायचा, "काकी, आवाजाचं काय बोलू नका हां." एकदा एक जोडपं घर बघत असतानाच लाइट आली. खडखडाट सुरू झाला, फळीवरची भांडी थरथरायला लागली, एजंटचा चेहरा पडला. त्या बाईंनी मात्र भिंतीला तळहात टेकवला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बाबा लूमवर होते ना माझे. हा आवाज थांबला की आमची चूल पेटायची न्हाय. घेऊ हेच." आता माझा फ्लॅट शांत एरियात आहे. लाइट परत आली की मीही कधी भिंतीला हात लावून बघते; काहीच थरथरत नाही.